आतला फोन

फोन वाजला नव्हता, नुसता किणकिणला होता. पूर्ण घंटी नाही. कुणी पितळेच्या वाटीवर नखानं टिचकी मारावी तसा एक टिण, आणि मग गप्प. कोंडीराम पुढच्या खोलीत, त्या काळ्या फोनजवळच, कुणाच्या तरी स्टोव्हचा पंप खोलून बसला होता. त्यानं हातातला पाना खाली ठेवला, हात फडक्याला पुसले, माठातून पेलाभर पाणी घेतलं, स्वयंपाकघर ओलांडलं आणि आतल्या खोलीचा पडदा बाजूला केला. लोखंडी खाटेवर गादीची गुंडाळी होती. उशाशी स्टुलावर हिरवट रंगाचा फोन होता, त्यावर धूळ होती. भिंतीपलीकडं पिठाची गिरणी चालली होती आणि तिच्या थरथरीनं पेल्यातलं पाणी हलत होतं. तो तसाच उभा राहिला. गीताबाई, त्याची बायको, जाऊन महिना उलटला होता. हे त्याला माहीत होतं. स्टोव्ह खोलतानाही माहीत होतं, माठावरचं झाकण काढतानाही माहीत होतं. पायांनाच तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.

तो बाहेर आला तेव्हा फोन पुन्हा किणकिणत होता. आधी तसाच एक टिण, मग बराच वेळ, सलग. त्याला काही अर्थ नव्हता. मग दोन टिचक्या. जरा थांबून पुन्हा दोन. पुन्हा दोन. पुन्हा दोन. आणि वर, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा एक आवाज उठला आणि बंद झाला. थोड्या वेळानं भीमराज जिना उतरून खाली आला, खूश होता. पुण्याहून आणलेला कॉम्प्युटर त्यानं त्याच दिवशी जोडला होता. लागला नाना इंटरनेट, म्हणाला, पहिल्यांदा एका आकड्यावरच अडकला होता. मग बापाच्या हातातला भरलेला पेला बघून थांबला. कोंडीराम म्हणाला, तहान लागली होती. भीमराजनं समजावून सांगितलं, की कॉम्प्युटर फोनच्याच तारेवरून नंबर फिरवतो, आपल्याकडची लाईन जुन्या पद्धतीची, म्हणून एकेक आकडा फिरताना खालच्या फोनची घंटी थरथरते. नंबर एक, सात आणि मग चार वेळा दोन. त्रास होत असेल तर बघतो काही करता येतंय का. कोंडीराम म्हणाला, न्हाई, कसला तरास. वाजू दे.

तर त्याला कळत नव्हतं असं नव्हतं. पहिल्याच दिवशी पोरानं उलगडून सांगितलं होतं. आणि न सांगता तरी तो काय समजणार होता? भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपात तो आयुष्यभर फिटर होता. आवाज आला की तो कुठून आला हे शोधणं हीच त्याची भाकरी होती. शिवाय त्याच्या बापानं छप्पन्न साली धम्म घेतला तेव्हा घरातले टाक, ताईत, सगळं नदीत नेऊन टाकलं होतं. या घरात कुणी पित्र घातली नाहीत, कावळ्याला घास ठेवला नाही. गीताबाईच्या मागं विहारात वंदना झाली, लोक दोन शब्द बोलले, संपलं. गेलेलं माणूस गेलं. हे तो स्वतः दुसऱ्यांच्या दारात जाऊन सांगत आलेला होता. एकदा वस्तीतल्या एका बाईच्या अंगात यायला लागलं तेव्हा त्यानंच तिला चारचौघांत विचारलं होतं, की बाई, देवाला अंगात यायला तुझी सासूच समोर असावी लागती का? लोक हसले होते, सगळ्यांत मोठ्यानं गीताबाई हसली होती. आता त्याच कोंडीरामनं कुणाला सांगायचं, की दुपारी फोन दोन-दोनदा किणकिणतो, तेव्हा ती मला आत बोलावते असं वाटतं म्हणून?

गीताबाईचा आवाज. तो आवाज त्याला सरळ आठवता येत नसे. आठवायला गेलं की शेवटचं ते नळीतून येणारं शीळ घातल्यासारखं श्वासाचं वाजणं आधी पुढं यायचं आणि खरा आवाज मागं राहायचा. मग तो मुद्दाम काष्टीच्या बाजारात जायचा, म्हणजे मनातल्या मनात. शनिवारचा बाजार, जनावरांची धूळ, चुलत्याबरोबर तो शेळी घ्यायला गेलेला, मिसरूड नुकतं फुटलेलं. एका म्हाताऱ्याच्या शेळ्या बघता बघता त्याची नजर शेळ्यांवरून म्हाताऱ्याच्या पोरीकडं गेली होती आणि तिथंच राहिली होती. पोरीनं अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं विचारलं होतं, "अवो भिंगारवालं, शेळी बघताय का मला?" शेजारचा बैल विकणारा सुद्धा वळून बघायला लागला. चुलता म्हणाला, चल गड्या, शेळी राहू दे, ही हाय तर राखणीला कुत्रं बी लागायचं न्हाई. पुढं लग्न झाल्यावर ती विहारात भीमगीतं म्हणायची तेव्हा स्पीकरवाला माईक तिच्यापासून हातभर लांब ठेवायचा. घरात ती स्वयंपाकघरातून हाक मारायची आणि गिरणीच्या घरघरीतूनही ती हाक पुढच्या खोलीत, ओट्यावर, कधीकधी रस्त्यावर यायची. त्या घरात दुसऱ्या कुणाला गिरणीवर आवाज काढता येत नसे.

मिश्रीची सवय तिला माहेरापासून होती. गालात गाठ आली, मग घशात. पुण्याला मोठं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आधी विचारलं होतं, की आवाज राहणार नाही, चालेल का. तिनं कोंडीरामकडं बघितलं आणि म्हणाली होती, "यांस्नी इचारा. लई दिस गप बस म्हनत्यात." डॉक्टर हसले नाहीत. घशाशी भोक ठेवून तिला घरी आणलं तेव्हा तिनं खुणेनं पहिली गोष्ट सांगितली ती ही, की माझी खाट आत टाका. पुढच्या खोलीत येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ते भोक घेऊन तिला पडून राहायचं नव्हतं. म्हणून खाट आत गेली, गिरणीच्या भिंतीला. आणि तिथून ती टाळ्या वाजवायची, ताट वाजवायची, पण गिरणी चालू असली की बाहेर काही येत नसे. कोंडीराम मधे मधे उठून बघून यायचा. भारती, भीमराजची बायको, तेव्हा पुण्याचं बिऱ्हाड भीमराजवर टाकून सासूच्या उशाशी येऊन राहिली होती. पण तीही स्वयंपाकघरात असली की ऐकू येत नसे.

हिरवट फोन त्यानं कधीतरी लष्करी भंगाराच्या लिलावातून आणला होता, दुरुस्त केला होता आणि पुढच्या खोलीतल्या टेलिफोन खात्याच्या काळ्या फोनला जोडून आत नेला होता. सीमा, त्यांची मुलगी, संगमनेरला दिलेली. तिचा फोन आला की मायलेकींना निवांत बोलता यावं म्हणून. आजारात एकदम घंटी वाजली की गीताबाई दचकायची, म्हणून त्यानं आतल्या फोनची घंटी काढून टाकली. बोलणं गेल्यावरही सीमा फोन करायची. ती सगळं सांगत राहायची, पोरांचं, सासूचं, दूध डेअरीचं, आणि गीताबाई रिसीव्हर कानाला लावून बोलायच्या बाजूवर बांगडी वाजवायची. तेवढ्यावर सीमाचं भागायचं. एका दुपारी गीताबाईनं स्वतःच लेकीला फोन लावायला घेतला. एक-दोन आकडे फिरवल्यावर तिच्या लक्षात आलं असेल, की आपण लावून बोलणार काय, समोर दुसऱ्याच कुणी उचलला तर? तिनं फोन खाली ठेवला. आणि एवढ्यात कोंडीराम पडदा सारून आत आला, कुनाचा फोन म्हणत. कारण ती आत आकडा फिरवत होती तेव्हा बाहेर त्याच्याजवळची घंटी किणकिणली होती. ती त्याच्याकडं बघत राहिली. मग फोनकडं. मग तिचे खांदे हलायला लागले, नळीतून शिट्टी वाजायला लागली. तो घाबरला. ती हसत होती हे कळायला त्याला वेळ लागला. त्या दिवसापासून एक म्हणजे पाणी. तीन म्हणजे मोरीला न्या. शून्य फिरवला की घंटी लांबलचक थरथरायची, ती रागाची. आणि दोन म्हणजे काही नाही, नुसतं या. या, बसा.

म्हणून एक, मग अर्थ नसलेला सात, मग चार वेळा दोन. दुपारचं जेवण झालं, भारती भांडी घासायला बसली आणि भीमराज वर गेला की घंटी किणकिणायची. कोंडीराम दुसऱ्या दिवशी उठला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही, पाना घट्ट धरून बसला. मग एक दिवस उठला. पाणी न घेता नुसता आत जाऊन आला, बघून आला. मग कुणाचं लक्ष नाही असं पाहून रोजच जायला लागला. आत तो काही करत नसे. पडदा सारायचा, गादीच्या गुंडाळीकडं बघायचं, फोनवर बोट फिरवून धूळ पुसायची, परत यायचं. दिवसभरात तेवढीच वेळ अशी होती, की त्याला कुठंतरी जायचं असायचं. लाईन तुटायची, वर भीमराज वैतागायचा, पुन्हा नंबर फिरवायचा. भीमराजची लाईन तुटली की कोंडीरामला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून वाईट वाटायचं.

कारण भीमराजच्या कामाला त्या लाईनीचा जीव पुरत नव्हता. तिकडं अमेरिकेत डॉक्टर लोक पेशंट तपासून झाल्यावर यंत्रात बोलून ठेवत, ते बोलणं इंटरनेटवरून यायचं आणि भीमराज ते ऐकून टाईप करून तिकडच्या सकाळच्या आत परत पाठवायचा. पुण्यातल्या कंपनीनं त्याला घरून काम करायची परवानगी दिली होती, ती आई गेल्यावर बाप एकटा आहे म्हणून. पण एकेक आवाज उतरायला तासन्‌तास जायचे आणि मधेच लाईन तुटली की सगळं पहिल्यापासून. एकदा कोंडीराम वर चहा द्यायला गेला तेव्हा भीमराजनं कानाची यंत्रं काढून त्याच्या कानाला लावली, ऐका म्हणाला. कुणी बाप्या भरभर इंग्रजी बोलत होता. काय म्हनतोय? भीमराज आधी सांगेना, मग म्हणाला, एका बाईचा घसा तपासलाय. कोंडीरामनं यंत्रं काढून ठेवली. एवढ्या लांबून, समुद्रापलीकडून, कोण कुठल्या बाईच्या घशाचं बोलणं आपल्या घरात उतरत होतं, आणि आतल्या खोलीतून पुढच्या खोलीपर्यंत पोचायला ज्या बाईला घंटी वाजवावी लागली तिचं काहीच कुठं उतरलेलं नव्हतं. तिच्या आवाजाची एक कॅसेटसुद्धा कुणी भरून ठेवली नव्हती. असला आवाज संपेल, असं कुणाच्या मनात यायचं?

नव्व्याण्णवच्या दिवाळीनंतर खात्यानं शहरात ती नवी लाईन द्यायला सुरुवात केली. आयएसडीएन. भीमराज जेवताना तिच्याबद्दल बोलायचा. तार तीच, पण तिच्यावर दोन रस्ते होतात, एकावर इंटरनेट चालू असताना दुसऱ्यावर बोलता येतं. सीमाताई किती दिवस ओरडते आहे, दुपारभर फोन लागत नाही म्हणून. पटकन लागतं, तुटत नाही. नंबर बदलेल तेवढा. आणि जुना फोन जाईल, भिंतीवर एक पांढरी पेटी येईल, बटनाचा फोन येईल. कोंडीरामनं विचारलं, मग ते किणकिणनं? भीमराजला वाटलं बाप त्रास होतो म्हणूनच विचारतोय. तो उत्साहानं म्हणाला, ते बंदच होणार नाना, अजिबात आवाज नाही. फोन कोंडीरामच्या नावावर होता, त्याची सही लागणार होती. कोंडीराम म्हणाला, बघू पुढच्या महिन्यात. पुढच्या महिन्यात म्हणाला, जुनं ते चांगलं चाललंय. मग म्हणाला, नंबर बदलला तर सगळ्या पाव्हण्यांस्नी कळवत बसायचं का? भारती एकदा हळूच म्हणाली होती, मामांना जुन्या फोनची सवय झाली असंल.

शेवटी एका दुपारी तो जिना उतरून आला आणि बापासमोर, सुट्या भागांच्या मधे, फरशीवरच बसला. त्याचे डोळे जागून लाल झाले होते.

"नाना, मला स्पष्ट सांगा. ही लाईन घ्यायची का नाही?"

"मी कुटं न्हाई म्हनलो."

"‘हो’ पण म्हणत नाही. कंपनीनं कळवलंय. काम वेळेवर देता येत नसेल तर पुण्याला येऊन ऑफिसात बस म्हणतात. मग मला जावं लागेल. भारतीला पण. तुम्ही येणार नाही, मला माहितीय."

कोंडीराम वायसर हातात फिरवत राहिला. तो म्हणू शकला असता, जा. पोराचं भलं तिकडंच होतं. किंवा त्याला सांगता आलं असतं, की दुपारी तू नंबर फिरवतोस तेव्हा मी कुठं जातो. पोरगा हसला नसता. तीच तर पंचाईत होती. पोरगा हसला नसता, गप्प झाला असता, आणि रोज वर बसून नंबर फिरवताना त्याच्या मनात ते आलं असतं. पुण्याला गेला तर कॉम्प्युटर जाणार, किणकिणणं तसंही जाणार. म्हणजे ठेवायचं म्हटलं तरी ते ठेवता येणारं नव्हतंच. एवढा साधा हिशोब त्याला इतके दिवस का दिसला नव्हता, याचंच त्याला नवल वाटलं. त्यानं वायसर जागेवर बसवला आणि म्हणाला, "कुटं करायची सही?"

खात्याचा माणूस आला तो गोरक्षनाथ, या भागाचा जुना लाईनमन. गीताबाई त्याला दर दिवाळीला फराळ द्यायची आणि दर वेळी ऐकवायची, की तुजा फोन बंद पडला तरी मला काय फरक पडत न्हाई, मी इथूनच संगमनेरला हाक मारंन. पांढरी पेटी भिंतीला ठोकता ठोकता त्यानं ते आठवून सांगितलं. मग आपण काय बोलून गेलो ते त्याच्या लक्षात आलं आणि तो स्क्रू शोधायला लागला. काळा फोन खात्याचा, तो जमा होणार होता. आतला तुमचा तुमच्याकडं राहू द्या नाना, म्हणाला, पन चालायचा न्हाई आता. भीमराज वर आपली यंत्रं लावत होता. गोरक्षनाथ तार कापायला वाकला तेव्हा कोंडीराम म्हणाला, जरा दम धर, आलोच.

तो आत गेला. भारती खाटेखालून तारेचा मार्ग झाडून काढत होती, ती बाजूला झाली. त्यानं गादीची गुंडाळी सरकवली आणि खाटेवर बसला, तिच्या जागेवर, भिंतीला टेकून. या जागेवर तो कधी बसला नव्हता. तो नेहमी समोर, स्टुलाशेजारी बसायचा. इथून खोली वेगळी दिसत होती. समोर फक्त पडदा होता. पाठीतून गिरणीची थरथर अंगात शिरत होती. त्यानं रिसीव्हर उचलला, दोनच्या भोकात बोट घातलं आणि फिरवलं. तबकडी कुरकुरत जागेवर आली. त्यानं बाहेर कान दिला. काहीच नाही. गिरणी, नुसती गिरणी. तार कापली का काय? त्यानं पुन्हा फिरवलं, पुन्हा ऐकलं.

"भारती, बाहेर वाजली का गं? मला काय आलं न्हाई."

भारती केरसुणी हातात धरून उभी होती. "इथं नाही येत मामा ऐकू. गिरणी चालू असली की नाहीच येत."

"मग तिला कसं कळायचं? वाजली का न्हाई ते?"

"आत्यांना?" भारतीनं केरसुणी भिंतीला टेकवली. "नाही कळायचं. फिरवायच्या आणि पडद्याकडं बघत बसायच्या."

कोंडीरामनं पडद्याकडं बघितलं. निळा पडदा, खाली पिठाची पांढरट किनार धरलेली. इतके दिवस तो घंटी ऐकून उठत होता आणि त्याला वाटत होतं, दोघांनाही ती ऐकू येते. घंटी ऐकल्यावर कधी तो एखादा वायसर बसवून मग उठायचा. कधी दारात आलेल्या गिऱ्हाइकाशी चार शब्द बोलून. फार नाही, जरासाच वेळ. त्याच्याकडून तो वेळ एवढासा होता. इकडून तो केवढा होता हे बघायला तो कधी इथं बसलाच नव्हता. ती दोन फिरवायची, आणि बाहेर काही झालं की नाही हे तिला कळायचं नाही, आणि पडदा हलेपर्यंत हे सगळं असंच, ही थरथर, ही निळी कापडाची भिंत. आणि तरी पडदा सारल्यावर ती कधी रागावलेली दिसली नव्हती. शून्यसुद्धा तिनं गमतीतच जास्त फिरवला होता.

बाहेरून गोरक्षनाथ ओरडला, ते भारतीनं पडद्याशी जाऊन ऐकलं आणि आत सांगितलं. तो म्हणतोय, घंटी दोन-दोनदा वाजली, लाईन अजून जिवंत हाय, आत कुणी बोलतंय का?

"न्हाई म्हनावं," कोंडीराम म्हणाला. "कुनी न्हाई. तोड म्हनावं."

त्यानंतर भीमराजचं काम सुरळीत झालं. सीमाचा फोन दुपारीही लागू लागला. बटनाचा फोन तिपाईवर बसला, त्याची घंटी पाखरासारखी वाजे. दुपारी जेवणं झाली की भीमराज वर जायचा, आणि त्यानं केव्हा लावलं, केव्हा बंद केलं, खाली काही कळत नसे. कोंडीराम पुढच्या खोलीत कुणाचा कुकर, कुणाचा स्टोव्ह घेऊन बसायचा. मग पाना खाली ठेवायचा, हात पुसायचा, पेलाभर पाणी घ्यायचा आणि आत जायचा. आता समोर उभा राहत नसे. खाटेवर तिच्या जागी, भिंतीला पाठ लावून बसायचा.

एका दुपारी तो असाच बसला असताना लाईट गेली. गिरणी एकदम थांबली. पाठीतली थरथर गेली आणि घरात इतकी शांतता झाली, की वरून चपलांचा आवाज आला, जिन्यावर आला, पुढच्या खोलीत आला. भीमराजनं हाक मारली, नाना. मग स्वयंपाकघरातून पुन्हा, जरा काळजीनं, "नाना, कुठं आहात?"

आवाज चांगला होता पोराचा, भरदार. आईवर गेला होता. कोंडीरामनं लगेच ओ दिली नाही. पाण्याचा पेला मांडीवर धरून तो पडद्याकडं बघत राहिला.